दिवेलागणीचं आडनाव

अ‍ॅशबर्न
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय रेणू,

अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार. तक्रार मोठी आहे म्हणून कागदावर लिहितेय. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तुझ्या भावानं वाचून "शुभा, इतकं काय त्यात" म्हटलं असतं, आणि ग्रुपवरच्या तमाम शिरंबेकरांना कळलं असतं ते वेगळंच. आपण दोघी नव्यानं अमेरिकेत आलो तेव्हा फोन महाग म्हणून पत्रं लिहायचो. आता फोन फुकट झालेत, पण नणंदेपाशी मन मोकळं करायला मला अजून पाकीटच लागतं.

तर ऐक. तुझी लाडकी भाची रुचा बाळंतपणाला माझ्याकडे येणार नाही. जूनची तारीख दिली आहे. मी जानेवारीतच डिंक मागवला, अळीव मागवले, आईच्या जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली. आणि बाईसाहेब फोनवर सांगतात, "आई, माझी डॉक्टर न्यू जर्सीत आहे. लॉरेन पाच मिनिटांवर राहते, तिनं सहा आठवडे सुट्टीपण टाकलीय. प्लीज डोन्ट मेक इट अ थिंग." पहिलं बाळंतपण माहेरी नाही तर कुठं करायचं? आणि सुट्टी कुणी टाकली, तर सासूनं!

ही लॉरेन म्हणजे माझी विहीण, निकची आई. तू लग्नात पाहिली आहेसच. उंच, पांढरे केस, सगळ्यांना मिठ्या मारत फिरत होती ती. तिच्या दिवाणखान्यात एका अख्ख्या भिंतीवर झाड रंगवलंय. त्रामोन्तेस्की या इटालियन घराण्याचं. फांद्या, पानं, पानापानावर नाव. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की हे आडनाव जगात मिळून सव्वाशे माणसांचं आहे, एकही जास्त नाही. दर ऑगस्टमध्ये ही सगळी माणसं एका बागेत जमतात आणि एकाच शेडखाली मावतात, याचाही तिला अभिमान.

असेना का. पण रुचाचं काय? आठवीत शाळेनं फॅमिली ट्री काढायला सांगितलं होतं. मी आप्पाकाकांनी छापलेला आपला कुलवृत्तांत काढून दिला. शिरंबे गावातून निघालेल्या सगळ्या शिरंबेकरांची वंशावळ, चौदा पिढ्या आयत्या! तर "आई, धिस इज सो बोअरिंग" म्हणाली आणि तीन चौकोन काढून मोकळी झाली. तीच मुलगी आता पोट सांभाळत शिडीवर चढून विहिणीच्या भिंतीवर पानं रंगवतेय. माझा अगदी तिळपापड होतो गं. लग्नानंतर आडनावही बदललं तिनं. मी म्हटलं, आजकाल कोण बदलतं? तर म्हणाली, "इट्स सो रेअर, आई." शिरंबेकर काय ढिगानं पडलेत?

तुझ्या ऑफिसात जगभरातली माणसं आहेत. या आडनावाचं मूळ शोधून दे. कुठलं गाव, कुठलं दैवत, मूळपुरुष कोण. तुझा भाऊ राजेश म्हणतो एवढं दुर्मिळ म्हणजे सरदार घराणं असणार. मला तसं वाटत नाही. किंवा असं म्हण की तसं नसलं तर मला बरं वाटेल.

तुझी
शुभावहिनी

रेडमंड
१६ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

नमस्कार. तक्रार दाखल करून घेतली आहे. पोटदुखीचं कारणही समजलं, औषध मात्र आमच्याकडे नाही.

इथे पाऊस नुसता टिपटिपतोय, बसमधल्या सगळ्यांचे चेहरे मोज्यांसारखे ओले. पण तुझ्या कामात वेळ छान गेला. माझ्या टीममध्ये कार्ला आहे, इटलीतल्या बोलोन्याची. तिला आडनाव सांगितलं तर म्हणाली, जन्मात ऐकलेलं नाही. मग तिलाच चैन पडेना. आम्ही दोघींनी जेवणाच्या सुट्टीत नकाशा उघडला. कुठल्या आडनावाची माणसं कुठं राहतात ते दिसतं त्यावर. इटलीभर एकच ठिपका, लोम्बार्डीतल्या एका तालुक्याएवढ्या गावात. एक ठिपका अर्जेंटिनात. बाकी सगळे तुझ्या विहिणीच्या आसपास. बाई खरं बोलतेय.

गावाचा मात्र पत्ता नाही. तुला वाटलं असेल की शिरंब्याचे शिरंबेकर तसे त्रामोन्तेस्कोचे त्रामोन्तेस्की. तसं गावच नाहीये कुठं. दैवताचं विचारलं तर कार्लानं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

आणखी एक गंमत. कार्ला म्हणते इटलीत बायका लग्नानंतर आडनाव बदलतच नाहीत, जन्माचं तेच मरेपर्यंत. म्हणजे रुचा तिकडे असती तर कागदोपत्री शिरंबेकरच राहिली असती. तुला हे ऐकून आनंद व्हावा की आणखी जळफळाट, ते तूच ठरव.

आणि त्या लॉरेनवर इतकी उखडू नकोस. ती जन्मानं त्रामोन्तेस्की नाहीच, आयरिश आहे, माहेरची मर्फी. नवरा गेल्यावर दहा वर्षं एकटीनं ते झाड राखतेय. रुचाच परवा फोनवर सांगत होती. म्हणजे ती त्या घराची सून आहे, तुझ्यासारखीच. आपल्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायला आप्पाकाकांच्या मागे कोण लागलं होतं, आठवतंय ना?

गावच्या कचेरीला कार्लानं पत्र पाठवलंय. बघू.

रेणू

अ‍ॅशबर्न
२ मार्च २०२५

रेणू,

"रुचाच परवा फोनवर सांगत होती." वा! मला आठवड्यातून एकदा "हाय आई, ऑल गुड" आणि आत्याला मात्र विहिणीच्या माहेरचं आडनावसुद्धा. तुझं वाक्य मी चार वेळा वाचलं. तिला पाळण्यात घालून कानात नाव तू सांगितलंस, मान्य आहे. पण जन्म मी दिलाय.

जाऊ दे. मागच्या शनिवारी आम्ही न्यू जर्सीला जाऊन आलो. राजेश चार तास ड्राइव्ह करत होता आणि मी चार तास डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. रुचाच्या घरात पाऊल टाकलं तर दाराबाहेर एक घंटा टांगलेली. जुनी, पितळेची, खालून दोरी. लॉरेनच्या घरून आणलीय म्हणे. मी सहज दोरीला हात लावला, आपल्याकडे घंटा दिसली की हात जातोच. तर लॉरेन धावत आली आणि माझं मनगट धरून म्हणाली, "नॉट यट, शुभा!" हसत म्हणाली, पण धरलं होतं घट्ट. लेकीच्या दारातली घंटा वाजवायला मला तिची परवानगी लागते, बघ.

वरची खोली रंगवायला काढली होती. भिंती खरवडलेल्या. नवा पलंग, त्याला लागून बाळाचा पाळणा. मी विचारलं, ही खोली कुणाची? रुचा आणि निकनं एकमेकांकडे पाहिलं, आणि रुचा म्हणाली, "अजून ठरायचंय, आई." मी काय कुक्कुलं बाळ आहे? पाळण्याशेजारी कोण झोपणार हे मला कळत नाही? लॉरेननं रंगाचे तीन नमुने आणून मलाच विचारलं, यातला तुला कुठला आवडतो? मी आपलं भिडेखातर फिक्या हिरव्याकडे बोट दाखवलं. म्हणजे तिच्या खोलीचा रंग निवडायलाही मीच.

आणि ऐक, जेवताना ही बाई मला विचारते, "तुझे गुडघे कसे आहेत? बाळ हातात घेऊन बराच वेळ उभं राहता येईल का?" सगळ्यांसमोर! तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे मी. मी म्हटलं, माझे गुडघे फर्स्ट क्लास आहेत, मी रोज चार मैल चालते. ती "ओह, गुड" म्हणाली आणि तिचा चेहरा असा पडला की मला फार बरं वाटलं.

लाडू तिनं दोन खाल्ले. रेसिपी मागितली. मी वेलदोड्याचं प्रमाण मुद्दाम कमी सांगितलंय.

कचेरीचं उत्तर आलं का?

शुभा

रेडमंड
२३ मार्च २०२५

वहिनी,

उत्तर आलं. मी आठवडाभर ते तुला कळवावं की नाही या विचारात होते. पण शोधून काढलेली गोष्ट पोटात ठेवणं आपल्या शिरंबेकरांना जमत नाही.

सरदार नाहीत. मूळपुरुष एक तान्हं बाळ आहे.

एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. त्या काळी तिकडच्या बऱ्याच अनाथालयांच्या भिंतीत एक लाकडी पिंप बसवलेलं असायचं, गोल फिरणारं. ज्या बाईला मूल सांभाळणं शक्य नाही तिनं रस्त्याच्या बाजूनं बाळ त्यात ठेवायचं, पिंप फिरवायचं, बाजूची घंटा वाजवायची आणि तोंड न दाखवता निघून जायचं. आतली दाई घंटा ऐकून येणार आणि बाळ काढून घेणार. घंटा महत्त्वाची. ती वाजली नाही तर बाळ थंडीत तसंच पडून राहायचं.

मग त्या बाळाला नाव हवं. कुठे कुठे सगळ्या टाकलेल्या मुलांना एकच आडनाव द्यायचे, ते ऐकलं की मुलाची कहाणी कळायची. काही ठिकाणचे कारकून जरा दयाळू, ते दर मुलाला नवं आडनाव बनवून द्यायचे. हा कारकून त्यातला. बाळ आलं ते सूर्य मावळताना. त्रामोन्तो म्हणजे सूर्यास्त. त्याला एक भारदस्त शेपूट जोडून त्यानं आडनाव केलं. कार्ला म्हणाली सूर्यास्त, पण मला आपला दिवेलागण हा शब्द आठवला.

म्हणून ही माणसं इतकी कमी. आडनाव एकट्या त्या पोरासाठी घडवलेलं, त्यामुळे आज ते ज्याच्या ज्याच्या नावापुढे आहे तो त्याचाच वंशज, नाहीतर त्या घरात आलेली सून. त्याचा एक नातू जहाजातून न्यू जर्सीला आला, एक अर्जेंटिनाला. कार्ला हे वाचून दाखवताना मध्येच थांबली होती. मलाही घरी जायची बस सोडून तिथेच बसावंसं वाटलं.

आता नीट ऐक. मी तुला ओळखते. बारा एप्रिलला रुचाचं डोहाळजेवण आहे, विहीणबाई येणार आहेत. यातलं एक अक्षर तिथे काढायचं नाही. त्यांना माहीत असेल, नसेल. पण ते तुझ्या तोंडून कळता कामा नये. माझी शपथ आहे.

रेणू

अ‍ॅशबर्न
३० मार्च २०२५

रेणू,

शपथ घेतली. मोडणार नाही. काळजी नसावी.

खरं सांगू? पत्र वाचून त्या पोराची दया आली, अगदी आली. आणि त्याच्या पाठोपाठ असं गार गार वाटलं म्हणतेस, जसं उन्हातून येऊन पन्हं प्यावं. सरदार! भिंतभर झाड! राजेशला सांगितलं तर तो म्हणाला, शुभा, तुझे डोळे का चमकतायत.

डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरायची ठरवलीय. हिरवी साडी आली. माझ्या मैत्रिणीनं, रुपालीनं, तिचं बेसमेंट देऊ केलंय. विहिणीला मी कसलंही कारण देणार नाही बघ, एवढं गोड वागणार आहे.

शुभा

रेडमंड
२७ एप्रिल २०२५

वहिनी,

दोन आठवडे झाले. रुचा माझा फोन उचलत नाही. दादाला विचारलं तर "तुझ्या वहिनीला विचार" एवढंच म्हणतो, आणि वहिनी फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारते. ग्रुपवर डोहाळजेवणाचे फोटो आले. पहिल्या दहांत लॉरेन आहे, नंतर कुठेच नाही.

काय केलंस?

रेणू

अ‍ॅशबर्न
४ मे २०२५

रेणू,

बोलले. आणखी काय करणार.

सुरुवात छान होती. रुचा हिरव्या साडीत इतकी गोड दिसत होती की मला भरूनच आलं. मी मोगरा ओवत होते, मला फुलांच्या दोऱ्याचं टोक धरायला कुणी तरी हवं होतं, मी लॉरेनला बोलावलं. बघ, मीच बोलावलं. तिनं टोक धरलं आणि मग आपणच रुचाच्या दंडावर गजरा बांधायला लागली. रुचानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. माझ्या खांद्यावर तिनं डोकं टेकलेलं मला कधीचं आठवतंय माहीत आहे? अकरावीत, ताप होता तेव्हा.

तेवढ्यात रुपालीनं झाडाचं काहीतरी विचारलं. लॉरेन सुरू झाली, जगात फक्त सव्वाशे. रुपाली डोळे मोठे करून म्हणाली, "ओह माय गॉड, रॉयल फॅमिली का?" आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "शुभा, नशीब काढलं हं तुझ्या लेकीनं, यार."

मग माझं तोंड उघडलं. इंग्रजीतच म्हटलं, सगळ्यांना कळावं म्हणून. "रॉयल कसले? दे वर लेफ्ट अ‍ॅट अ वॉल. समबडी डिडन्ट वॉन्ट द बेबी."

वाट्या झाकून ठेवल्या होत्या, पेढा की बर्फी ओळखायला. कुणी उघडल्या नाहीत.

लॉरेनच्या हातात गजऱ्याचा दोरा होता. तिनं ती गाठ पुरी बांधली, नीट. मग माझ्याकडे पाहून हळू म्हणाली, "शी वॉन्टेड हिम, शुभा. शी रँग द बेल." आणि कोट घेतला. दाराशी थांबून आणखी म्हणाली, "हे मी तुला सांगणार होते. त्या दिवशी." कुठल्या दिवशी ते मला कळलं नाही.

रुचा गजरे अंगावर तसेच ठेवून गाडीत जाऊन बसली. निकनं आमच्या पाया पडून निरोप घेतला, आम्हीच शिकवलंय ना त्याला, ते पाहून तर मला जमीन दुभंगावी असं झालं.

तेव्हापासून तिचा फोन नाही. मी करते, तो वाजत राहतो. तुझी शपथ मोडली, तू रागाव. पण एक सांगते, मला लाज वाटतेय आणि मत्सरही तसाच आहे. एक आलं की दुसरं जाईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. डिंकाचा दुसरा घाणा करून ठेवलाय. कुणासाठी, ते मलाच ठाऊक नाही.

शुभा

रेडमंड
११ मे २०२५

वहिनी,

रागावणार होते. पण काल रुचाचा फोन आला आणि आता मला तुझी कीवच येतेय.

ती खूप रडली. मला गप्प राहायला सांगितलंय. राहणार नाही, कारण तू चुकीच्या गोष्टीवर जळत बसली आहेस.

त्या घरात बाळाची गोष्ट सगळ्यांना पहिल्यापासून माहीत आहे. म्हणूनच झाड आहे, म्हणूनच दर ऑगस्टला जमतात. लपवण्यासारखं त्यांना त्यात कधी काही वाटलंच नाही. त्यांची एक रीत आहे. घरात बाळ जन्मलं की इस्पितळातून कधीही सुटू दे, दिवेलागणीपर्यंत थांबतात. मग बाळाच्या आईची आई बाळाला कुशीत घेऊन बंद दाराबाहेर उभी राहते. आईचीच आई, दुसरी कुणी चालत नाही. ती घंटा वाजवते. आतले दार उघडतात. फरक एवढाच की ती बाळ देऊन निघून जात नाही. बाळाला घेऊन आत येते आणि त्या घरात राहते, बाळ-बाळंतीण उठेपर्यंत. त्या पहिल्या बाईला जे करता आलं नाही ते तिच्या जागी उभं राहून कुणीतरी करायचं, अशी ती रीत.

आता जोडून बघ. घंटेला "नॉट यट". हिरवी खोली. "गुडघे कसे आहेत, बराच वेळ उभं राहता येईल का?"

खोली तुझी आहे वहिनी. रंग म्हणूनच तुला विचारला. लॉरेननं सुट्टी घेतली ती भांडी-बाजारहाट करायला, म्हणजे तुला खाली उतरावं लागू नये. तुझं बाळंतपण तुला मिळणारच होतं, फक्त अ‍ॅशबर्नला नाही, तिथे. रुचाला ते त्या दिवशी दारात सांगायचं होतं. तुला सरप्राइज! आपल्या घरात सरप्राइज कुणी देऊ नये हे तिला अजून कळायचंय.

आता होईल का, मला माहीत नाही. रुचा म्हणते, "आत्या, आई ज्या पहिल्या बाईला हसली, तिचीच जागा आईला कशी देऊ?" मी मध्ये पडणार नाही. तू लॉरेनला फोन कर. रुचाला नाही. लॉरेनला.

रेणू

न्यू जर्सी
२२ जून २०२५

प्रिय रेणू,

हिरव्या खोलीतून लिहितेय. पाळण्यात दोन आठवड्यांची तुझी नात झोपलीय. नाक शिरंबेकरांचं आहे, कुणी काही म्हणो.

तुझं पत्र आलं तेव्हा मी डबा मांडीवर घेऊन जमिनीवर बसले होते, तो डिंकाचा डबा. वाचून उठता येईना, तेही गुडघे फर्स्ट क्लास असूनही. लॉरेनला फोन करायला मला चार दिवस लागले. मी माफी मागितली. काय काय म्हणाले ते आठवत नाही, मध्येच मराठीत गेले होते.

तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "तुला माहीत आहे का, मी तुझ्यावर किती जळतेय?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

तिला एकच मूल, निक. मुलगा. तो झाला तेव्हा तिच्या आईनं घंटा वाजवली आणि दोन महिने राहिली. तेव्हापासून ती घंटा लॉरेन पुसतेय. दर रविवारी. आणि तिला स्वतःला ती कधीच वाजवता येणार नाही, कारण तिला मुलगी नाही. म्हणाली, "झाड मी रंगवलं कारण मला तेवढंच करता येत होतं." आणि पुढचं ऐक. "तुझ्या गुडघ्यांचं विचारलं ना, तेव्हा मी मनात म्हणत होते, दुखतात म्हण, दुखतात म्हण." त्या पडलेल्या चेहऱ्याचा अर्थ मी काय लावला होता आणि काय निघाला. माझे गुडघे धड आहेत म्हटल्यावर तीन दिवस जेवण गेलं नाही म्हणाली.

रुचाला तिनंच समजावलं. "ती जागा द्यायची का, हे तू कोण ठरवणार, मी कोण ठरवणार? ती जागा तिचीच आहे," एवढंच म्हणाली. आम्ही इथे पोचलो तेव्हा रुचा मला घ्यायला स्वतः दारात आली नाही, पण निकच्या हाती शाल पाठवली, घंटेपाशी उभं राहताना गार लागेल म्हणून.

इस्पितळातून दुपारीच सोडलं होतं. आम्ही गाडीत बसून राहिलो, पुढे मी आणि राजेश, मागे रुचा, निक आणि बाळ. मग रुचा आणि निक आत गेले, दार लावून घेतलं. समोरच्या घराच्या पलीकडे सूर्य गेला. मी बाळाला घेऊन पायरीवर उभी राहिले. रेणू, त्या क्षणी मला ती बाई दिसली गं. तोंड झाकलेली. तिनं घंटा वाजवली असेल आणि तिथून पाय कसे उचलले असतील? मला तर नुसतं उभं राहणं जमत नव्हतं.

दाराला वरच्या बाजूला काच आहे. काचेतून आत पुढेच लॉरेन दिसत होती. माझ्या हाताकडे बघत होती, दोरीकडे. ती नजर मी ओळखली. फेब्रुवारीपासून माझ्या आरशात तीच होती.

मनात आलं, दार उघडावं, तिला बाहेर घ्यावं, तिचा हात दोरीवर ठेवावा. कुणाचं काय जाणार होतं? राजेशनंसुद्धा तिच्याकडे मान हलवून मला खूण केली.

नाही ठेवला. मी एकटीनं वाजवली. दोनदा वाजवली.

दार उघडलं. रुचानं बाळाला घेतलं नाही, मलाच बाळासकट मिठी मारली आणि खांद्यावर डोकं टेकलं. "आत ये, आई," म्हणाली. मी आत आले.

आता इथलं चाललंय छान. रुचा लाडू खाते, शेक घेते, कुरकुरते. माझ्याशी बोलते, तुझ्याशी बोलते त्याच्या निम्मं असेल, पण बोलते. भिंतीवरच्या झाडाला नवं पान आलंय. रुचानं स्वतःच्या पानाशेजारी माझं आणि राजेशचं नाव आधीच लिहिलेलं होतं, फेब्रुवारीपासून. मागे आलो तेव्हा मी लॉरेनच्या घरी जायचंच टाळलं होतं.

लॉरेन रोज सकाळी भाजी घेऊन येते. बाळाला तेल लावताना दारात उभी राहून बघते. परवा मी तिला बोलावलं, पायांवर बाळ कसं घ्यायचं ते दाखवलं, वाटी तिच्या हातात दिली. वेलदोड्याचं खरं प्रमाणही सांगून टाकलं. तेव्हापासून ती तेल लावायला लागली की मी मुद्दाम स्वयंपाकघरात काहीतरी काम काढते आणि बाळाला तिच्याजवळ एकटीला सोडते.

पाच मिनिटं. त्यावर नाही.

तुझी
शुभावहिनी